माळावरच्या दोन रात्री

३ मे, रविवार

शाळेला सुट्टी लागली आणि मी आष्टीहून माहेरी आले. आबांच्या खोलीतच अंथरूण टाकलंय. आबा म्हणजे माझे वडील, मोहनराव. तिथीप्रमाणे त्यांचं वर्षश्राद्ध तेवीस तारखेला आहे. सत्काराच्या शाली, मानपत्रं, आमदारांबरोबरचे फोटो सगळं जिथल्या तिथं आहे. आई रोज पुसते. मी फडकं हातात घेतलं तर म्हणाली, "राहू दे. माझं रोजचं हाय."

ही वही त्यांच्या कपाटात सापडली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'पाणीपुरवठा' एवढंच लिहिलंय, पुढची सगळी पानं कोरी. मी तीच वापरते आहे.

संध्याकाळी रामेश्वर, माझा धाकटा भाऊ, ओट्यावर येऊन बसला. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. म्हणाला, "आक्का, एक काम तूच करू शकतीस. वस्तीवर जायचं आन मेंढरं बसवायला बोलवायची."

दोन वर्षं झाली, आमच्या गावच्या एकाही वावरात वस्तीवरच्या धनगरांची मेंढी बसलेली नाही. पूर्वी पेरणीआधी रिकाम्या रानात त्यांचे कळप रात्रीचे बसायचे. जमिनीला लेंडीखत मिळायचं, त्यांना ज्वारी मिळायची. मग ग्रामपंचायतीला आबांचं पॅनल पडलं. वस्तीनं मतं फिरवली असं सगळ्यांनी धरून चाललं. पारावरच्या सभेत आबा म्हणाले, "ज्यांना पाणी पाजलं तेच विहिरीत थुंकले. आता त्यांची मेंढरं आपल्या शिवारात दिसली तर मला सांगायला येऊ नका." चौथ्या दिवशी गावातल्या पोरांनी वस्तीवरच्या बंकटमामाच्या मुलाला, जीवनला, ओढ्यात गाठून मारलं. त्याचा उजवा पाय अजून गुडघ्यात वाकत नाही. तेव्हापासून वस्ती गावच्या दुकानातून मीठसुद्धा घेत नाही. कड्याच्या बाजाराला जातात.

आबा 'मारा' म्हणाले नव्हते. ते भाषण मी मोबाइलवर कितीतरी वेळा ऐकलं. खरंच म्हणाले नव्हते.

आणि त्याच आबांनी दुष्काळात आमच्या मोसंबीचं पाणी तोडून वस्तीला दिलं होतं. बाग उभी वाळली. तेव्हा मी कॉलेजात होते. वाळलेल्या झाडाला हात लावून उभे असलेले आबा मी पाहिलेत.

दोन्ही माणसं एकच, हे मनाला समजावता समजावता वर्ष गेलं.

रामेश्वरला म्हणाले, जाते.

६ मे

दुपारी ऊन कलल्यावर वस्तीवर गेले. ओढा ओलांडला की दहा मिनिटं. लहानपणी धावत जायची. आज पायाला वाट आठवत होती, पण चाल जड झाली होती.

चतुरामामी दारात लोकर सोडवत बसली होती. मी बंकटमामाला मामा म्हणते म्हणून ती मामी. मला बघून उठली, पदर सारखा केला. "या बाई, बसा," म्हणाली. पूर्वी मला 'उजे' म्हणायची. अंगावर वस्सकन ओरडायची सुद्धा.

भिंतीवर आबांचा फोटो खंडोबाच्या शेजारी लावलेला होता, पण तोंड भिंतीकडं. फक्त चौकटीची मागची पुठ्ठ्याची बाजू दिसत होती. मी न पाहिल्यासारखं केलं.

शेळीच्या दुधाचा चहा झाला. मी म्हणाले, आबांच्या वर्षश्राद्धाच्या आत पुन्हा सुरुवात करू या. दोन रात्री आमच्याकडं मेंढ्या बसवा. मग गावातले बाकीचेही बोलावतील. कुणीतरी आधी करायला हवं ना.

"कंच्या वावरात?" मामीनं विचारलं.

"माळावरच्या बारा एकरात. मोठं आहे, सगळा कळप मावेल."

लोकर सोडवणारी तिची बोटं थांबली. बंकटमामा बाजेवर आडवे होते, ते उठून बसले.

"पोरी," ते म्हणाले, "तू वावर म्हणतीस त्येला."

"मग काय म्हणू?"

चतुरामामी म्हणाली, "हे तुझ्या मनातलं का रामेश्वरच्या?"

"दोघांच्या," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. माळ रामेश्वरनं सुचवला, इच्छा माझी होती.

"धान किती देनार?"

"दोन पोती ज्वारी. रामेश्वर म्हणतो रीतसर, चार माणसांसमोर देऊ."

"चार मानसांसमोर," मामीनं तेवढंच पुन्हा म्हटलं, आणि नवऱ्याकडं बघितलं. मग मला म्हणाली, "बघू. घरात बोलतो, मंग सांगावा धाडतो."

निघताना तिनं ओंजळभर बोरकुटाची पुडी हातात ठेवली. म्हणजे राग नसावा. पण मग माळाचं नाव काढल्यावर काय झालं? कदाचित लांब पडत असेल. म्हाताऱ्या माणसांना लांब नको वाटतं.

८ मे

आईला विचारलं, "माळ आबांनी कधी घेतला?"

ती ज्वारी निवडत होती. "मला काय ठाव. कागद बायांना कोन दाखवतंय?"

"पण तुझं लग्न झालं तेव्हा होता का आपला?"

"तवा तिथं समद्या गावच्या गायी जायच्या. आमी पोरी-बाया शेण वेचायला जायचो. तुझी आत्या एकदा तिथंच इंचू चावून पडली व्हती." मग म्हणाली, "कुंपन घातलं विहिरीच्या साली."

विहिरीच्या साली म्हणजे आबांनी वस्तीला विहीर मंजूर करून आणली ते वर्ष. एका हातानं विहीर, दुसऱ्या हातानं कुंपण, असं एक क्षण डोक्यात आलं. पण लगेच वाटलं, आपण वडिलांविषयी किती झटकन वाईट विचार करतो. विकत घेतला असेल. सरकारकडून मिळाला असेल. तेव्हा खूप जणांना मिळत होत्या जमिनी.

११ मे

जीवन आला. काठी टेकत, मोटरसायकल फाटकाबाहेर लावून. त्याचं कड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या पहिल्या नोकरीत तो माझ्या चौथीच्या वर्गात होता, म्हणून मॅडम म्हणतो. आज तो शब्द टोचेल असा म्हणत होता.

"काय मॅडम, शांतता समिती स्थापन केली म्हनं."

"चहा घेतोस?"

"घेतो की. तुमच्या घरचं पानी बंद हाय, चहा कुटं बंद हाय."

आई हसली. तिनं त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि समोरच बसून राहिली, जणू तो प्यायलाय याची खात्री करायची होती.

मी फोटोचं विचारलं. तो म्हणाला, "आई सरळ करती, बाप उलटा करतो. रोज. सकाळी अंघोळ झाली की आई फिरवती, जेवून झालं की बाप फिरवतो. दोगं एकमेकाला त्यावरून बोलत न्हाईत. मी म्हनलं काढून टाका की एकदाचा, तर दोगं बी माझ्यावर धावून आले."

"आणि तू? तुला काय वाटतं आबांविषयी?"

त्यानं पाय सरळ करून बाकड्याखाली घातला. "माझ्या दवाखान्याचं बिल आबांनी भरलं. रात्री दोनदा स्वतः आलते. डॉक्टरला दम भरला, पाय कापायचा न्हाई म्हनून. पाय ऱ्हायला तो त्यांच्यामुळं."

"मग?"

"मग काय. मोडला कुनामुळं, ते बी तुमाला ठाव हाय."

"ते तसं म्हणाले नव्हते, जीवन."

"न्हाई म्हनले," तो शांतपणे म्हणाला. "आबांना म्हनावं लागत नव्हतं."

जाताना फाटकापाशी थांबला. "सव्वीस तारखंला तहसीलला माळाची तारीख हाय. ठाव हाय ना मॅडम?"

मला ठाऊक नव्हतं. रामेश्वरला विचारलं तर म्हणाला, "जमीन म्हणल्यावर तारखा चालूच असतात, आक्का. आष्टीत राहून तुला हे कसं माहीत नाही?" खरं आहे. अर्ध्या तालुक्याच्या तारखा चालू असतात.

१३ मे

वस्तीवरून सांगावा आला. येतो म्हणालेत. अठरा आणि एकोणीस, दोन रात्री.

किती दिवसांनी मला भरून आलं. रामेश्वरनं माझ्या पाया पडायचं नाटक केलं. तो सगळं व्यवस्थित करणार आहे. धान्य देताना सरपंच, पोलीस पाटील हजर राहतील, फोटोवाला येईल, एक पावतीही करायची. मला म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं हाय, तूच लिही."

मी लिहिलं: 'माळावरील मोहनराव यांच्या मालकीच्या शेतात दोन रात्री मेंढ्या बसवल्याबद्दल दोन पोती ज्वारी मिळाली.' खाली बंकटमामाच्या अंगठ्यासाठी जागा सोडली. 'मालकीच्या' हा शब्द रामेश्वरनं घालायला सांगितला. नुसतं 'शेतात' पुरेसं होतं, वाक्य उगाच लांबलं. पण त्याला सरकारी भाषा आवडते, आबांसारखीच.

१४ मे

वस्तीवर जाऊन सगळं ठरल्याचं सांगून आले. फोटोवाला येणार हेही सांगितलं, नंतर नको वाटायला. चतुरामामी हसली. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले.

"येऊ दे की," म्हणाली. "समद्यांनी बघू दे."

मी घरी येताना आनंदात होते. फोटो आज भिंतीकडं नव्हता. अर्थात सकाळ होती.

१८ मे

आल्या. दिवस मावळायला तासभर असताना ओढ्याकडून धूळ उठली आणि मग आवाज. गावातली माणसं काही ना काही निमित्त काढून माळाच्या बाजूला आली. कुणी बैल बघायला, कुणी नुसतंच. शहादेवकाका तर लोटा घेऊन आले, परसाकडं निघाल्यासारखे, आणि लोटा हातात तसाच धरून तासभर उभे राहिले.

बंकटमामांनी फाटकापाशी कळप थांबवला. रामेश्वर पुढं होऊन फाटक उघडणार, तेवढ्यात मामांनी वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. रामेश्वर मला हळूच म्हणाला, "बघ, किती आदर." मलाही तसंच वाटलं.

जीवन काठी घेऊन मागं उभा होता. त्याला मारणाऱ्या पोरांपैकी दोघं गर्दीत होते. मी त्यांच्याकडंच बघत होते. जाळ्या ठोकून कळपाभोवती कुड घालायला माणसं कमी पडली. त्या दोघांतला एकजण, सत्यम, पुढं आला आणि खुंटी धरली. जीवननं त्याच्याकडं बघितलंही नाही. पण "सरळ धर," म्हणाला. त्यानं सरळ धरली.

शहादेवकाकांनी लोटा खाली ठेवला. "बंकटा, माझं बी दीड एकर मोकळंच हाय," ते म्हणाले.

"बघू की," मामा म्हणाले.

हे सगळं आबांनी पाहायला हवं होतं. की त्यांना आवडलं नसतं? मला ठरवता येत नाही.

२० मे

सकाळी धान्य द्यायचं होतं. काय झालं ते जमेल तसं लिहिते.

दोन पोती बांधून ठेवलेली. सरपंच, पोलीस पाटील, फोटोवाला. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. बंकटमामा आणि चतुरामामी ओट्यावर बसून पोटभर जेवले. मामीनं दुधात कुस्करून दुसरी पोळी मागून घेतली. मग रामेश्वर पोत्यांपाशी उभा राहिला, फोटोवाला वाकला, आणि मी पावती पुढं केली.

बंकटमामांनी पोत्यांना हात जोडले.

"पोळी खाल्ली, ती या घरची," ते म्हणाले. "धान न्हाई घ्यायचो."

रामेश्वर म्हणाला, "मामा, रीत हाय. मेंढरं बसली तर धान घ्यावं लागतं."

"वावरात बसली तर. धान घेतलं की वावर धन्याचं, हे आमच्यात पोराबाळाला ठाव हाय. गायरानात बसल्यालं धान कुनी घेतंय का? गायरान समद्यांचं. कुनी कुनाला द्यायचं?"

सरपंचांनी घड्याळ बघितलं. फोटोवाला कॅमेरा खाली करून रामेश्वरकडं बघत राहिला.

माझ्या हातातल्या कागदाचं काय करू कळेना. त्यावर 'मालकीच्या' हा शब्द मीच लिहिला होता. सुबक अक्षरात.

जाताना चतुरामामी माझ्याजवळ थांबली. "पोळ्या लई मऊ झालत्या," म्हणाली.

त्यानंतर रामेश्वर माझ्याशी तासभर गोड बोलला. अंगठा नाही तर नाही, फोटो आहेत. मेंढ्या दिसतात, पोती दिसतात. मी फक्त सव्वीस तारखेला तहसीलला लेखी जबाब द्यायचा: मी स्वतः जाऊन बोलावलं, आमच्या शेतात बसवलं, धान्य दिलं. "दिलंच ना आपण?" तो म्हणाला. "तू शिक्षिका हायस, तुझ्या शब्दाला वजन हाय. ह्यात खोटं काय सांग."

एकेक वाक्य घेतलं तर खोटं काहीच नाही. मग घशाखाली का उतरत नाही?

२१ मे

वस्तीवर गेले, भांडायलाच. म्हणाले, "मामी, मला आधी सांगायचं ना. मी विश्वासानं आले होते."

"आमी बी इस्वासानंच बोलवलं ना घरात," ती म्हणाली. "तू इचारलंस का, माळ कुनाचा म्हनून? सात-आठ वर्साची व्हतीस तवा माझ्या शेरडांमागं तिथंच हिंडलीस की."

मी उंबऱ्यावर बसले.

मग तीच मऊ झाली. "उजे, ऐक. तुझ्या बापानं कुंपन घातलं, तरी दर साली आमची मेंढरं माळावर बसायची. फाटक त्योच उघडून द्यायचा. बाकीच्या वावरांचं धान मापून घरी पोचतं करायचा. पर माळावरच्या रातींचं धान त्यानं कदी काढलं न्हाई, आन आमी कदी मागितलं न्हाई. इतकी वर्सं."

"का?"

"ते मी कशाला सांगू? तुझा बाप व्हता."

परत येताना उन्हात ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसून राहिले. आबांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून धान्य काढलं नाही. मग कुंपण का काढलं नाही? की चिक्कूपणा होता नुसता, आणि आम्ही त्याला मोठेपणा म्हणतोय? की भीती होती, यांनी चारचौघांत नाकारलं तर, काल नाकारलं तसं? मेलेल्या माणसाला विचारता येत नाही आणि जिवंत होते तेव्हा विचारायची कुणाची छाती नव्हती.

२३ मे

वर्षश्राद्ध. गाव जेवलं. वस्तीवरून चतुरामामी एकटी आली. बायकांच्या पंगतीत शेवटी बसली. कुणीतरी तिला सरकून जागा दिली. बंकटमामा आले नाहीत. त्यांची मेंढरं शहादेवकाकांच्या दीड एकरात बसलीत, आणि तिथलं धान्य त्यांनी मापून घेतलं म्हणे, ओंजळभर जास्तच. गावातल्या अजिनाथनंही पुढच्या आठवड्याचं सांगून ठेवलंय.

म्हणजे मेंढ्या गावात आल्या. मला हवं होतं ते झालं. आमच्या फाटकावरून पुढं गेलं, एवढंच.

रामेश्वरनं भाषण केलं. आबांनी गाव आणि वस्ती एक केली, म्हणाला. माणसं माना डोलवत होती. मला वाटतं, त्या क्षणी ती मनापासूनच डोलवत असतील.

२५ मे, सोमवार

जबाब लिहिला. तीन वेळा फाडला, मग काय घडलं तेवढंच लिहायचं ठरवलं. 'मी स्वतः जाऊन बोलावलं. दोन रात्री मेंढ्या बसल्या. धान्य देऊ केलं, बंकट यांनी ते घेतलं नाही. गायरानावरचं धान्य घेत नसतात, असं ते सर्वांसमोर म्हणाले.'

चतुरामामीनं सांगितलेलं त्यात घालावं की नाही, यावर अडले. ते ऐकीव होतं. आई शेजारी सुपारी कातरत होती. मी तिला ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मामी असं म्हणते, पण याला पुरावा काय?"

आई कातरत राहिली. मग म्हणाली, "माझं बी लिही."

"काय?"

"पायली माझ्याच हातात असायची. दर साली मी मापायची. आन दर साली हे मागून सांगायचे, माळाच्या दोन राती धरू नको. एका साली मी इचारलं, कावून धरायच्या न्हाईत? तर म्हनले, तू माप." तिनं सुपारी तोंडात टाकली. "लिही. विमलबाई म्हनती, म्हनून लिही."

मी लिहिलं. तिनं सही केली. बोट टेकवून एकेक अक्षर काढलं.

रामेश्वरनं उभ्यानंच कागद वाचला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आक्का, हे तू आबांच्या विरुद्ध लिहिलंस," म्हणाला.

"मला माहीत नाही रे," मी म्हणाले. "लिहिताना वाटत होतं, मी त्यांचंच लिहितेय."

"आता मी कुठल्या तोंडानं उभा राहू लोकांपुढं?"

"हाय त्याच तोंडानं," आई म्हणाली. "जेवायला बस."

तो बसला. आईनं वाढलं. मान खाली घालून जेवला, आणि दोनदा भाकरी मागितली. तो लहान होता तेव्हाही रागावला की जास्त जेवायचा. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही. फिरवायला हवा होता का?

उद्या तहसीलची तारीख. साडेसातची एसटी आहे आष्टीला. मी एकटीच जाणार होते. पण आईनं ठेवणीतलं लुगडं काढून दोरीवर टाकलंय आणि पिशवीत पाण्याची बाटली भरून ठेवलीय. आबा असताना ती कधी तहसीलची पायरी चढली नव्हती. त्यांनी नेलं नाही आणि तिनं म्हटलं नाही.

विचारलं, "आई, भीती वाटतेय का?"

"वाटतीय की," ती म्हणाली. "तू मला खिडकीपाशी बसू दे."